गाडी कमी फिरली तरी इंजिन ऑइल खराब होतं: या चुका टाळा

"वर्षात तीन हजारच किलोमीटर झाले, ऑइल कशाला बदलायचं?"

गोव्यात सगळ्यात महागात पडणारा हिशेब हाच. घर ते बाजार, बाजार ते शाळा, फार तर पर्वरीहून पणजी. एवढ्याशा फेरीत ऑइल नीट तापतच नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोल आणि आम्ल तयार करणारे वायूही घेऊन. ऑइल ९०-१०० अंशांवर काही वेळ राहिलं, तर पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. नाहीतर साचत जातं. आम्ल मारायला ऑइलमध्ये घातलेले ॲडिटिव्ह त्यातच खर्ची पडतात आणि मग आम्ल बेअरिंगं खायला लागतं. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नका. तो कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) असतो, ऑइल बरंच उशिरा तापतं.

म्हणूनच बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किमी किंवा १२ महिने, यातलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. छोट्या फेऱ्या किंवा उसगाव-डिचोलीकडची खनिजाची धूळ असेल, तर ५,००० किमी किंवा ६ महिने धरलेले बरे.

उभी गाडी रोज पाच मिनिटं चालू ठेवणं

घरचा माणूस तारवटी (बोटीवर नोकरीला), गाडी शेडमध्ये. बॅटरी उतरू नये म्हणून घरचे रोज गाडी चालू करून ठेवतात. ऑइलचं याने नुकसानच होतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पणजी-मडगाव अशी सलग फेरी मारा. तेही जमत नसेल तर नवं ऑइल भरून, बॅटरीची वायर काढून गाडी तशीच उभी ठेवा.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसला, तर आधी अशी लांब फेरी मारून पाहा. पुसूनही तो परत आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) तपासून घ्या.

रंग पाहून ठरवणं

डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, ते स्वाभाविक आहे. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसली तर मात्र सावध व्हा. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा ऑइलला डिझेलचा वास येतो, ते पातळ होतं. तिथे टॉप-अपचा उपयोग नाही, बदलाच.

बदलताना

इंजिन कोमट असताना ड्रेन प्लग (ऑइल सोडायचा खालचा बोल्ट) काढा, १०-१५ मिनिटं निथळू द्या. प्लगचा वॉशर आणि फिल्टर नवेच हवेत. फिल्टरच्या रबरला ऑइलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ३.५ लिटर ऑइल बसतं. अर्धा लिटर हातचं राखून भरा, मिनिटभर इंजिन चालवा, पाच मिनिटांनी सपाट जागी मोजा, मग उरलेलं घाला. "थोडं जास्त असू दे" हे इथे चालत नाही: क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) ऑइल घुसळून फेस करतो आणि ऑइलचा दाब कमी होतो.

तुंबलेल्या पाण्यात बंद पडली तर

स्टार्टर मारू नका, टो करून न्या. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आधी ते काढून टाकायचं, फिल्टरसकट.