टॉक्सिकवाली टीम आणणार असाल तर शनिवार रात्रीपर्यंत एवढं उरकून घ्या

रविवारी नेरूळला पोकेमॉन खेळायला जमतोय त्यात दोघं-तिघं पहिल्यांदा येतायत आणि त्यातल्या एकाने कालच विचारलं की दादा मी टॉक्सिकवाली, म्हणजे समोरच्याला विष लावून खेळणारी, टीम आणली तर चालेल का, लोक चिडतील का. चालेल रे, चिडतील पण चालेल. फक्त तयारीने ये, कारण तयारी न करता टॉक्सिक आणणारा माणूस पहिल्या दोन मॅचमध्ये बाहेर होतो आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकत बसतो, तो माणूस मागच्या खेपेला मीच होतो म्हणून सांगतोय.

नियम आधी, म्हणजे नंतर वाद नको. गेम स्कार्लेट नाहीतर व्हायोलेट, सिंगल बॅटल, सहा आणायचे त्यातले तीन निवडायचे, सगळे लेव्हल ५० वर, एक आयटम टीममध्ये एकदाच. हे शेवटचं नीट वाच, म्हणजे लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा जीव परत देणारा आयटम) एकालाच मिळणार.

आता सगळ्यात पहिलं काम म्हणजे कागदावर हिशोब करायचा. हसू नको, खरंच कागद घे. माझे आजोबा बाजारातून आले की आण्यात हिशोब सांगायचे आणि टॉक्सिक मला त्या भाषेतच कळलं, कारण ही मूव्ह अक्षरशः सोळा आण्यांवर चालते. समोरच्याचा पूर्ण एचपी (जीव) म्हणजे एक रुपया, सोळा आणे. टॉक्सिक बसलं की पहिल्या टर्नच्या शेवटी एक आणा जातो, दुसऱ्याच्या शेवटी दोन, तिसऱ्याच्या शेवटी तीन, असं वाढत जातं. पाच टर्नमध्ये एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच म्हणजे पंधरा आणे गेले, हातात एक आणा उरला, सहाव्या टर्नला गडी आडवा. बाकी काहीही केलं नाहीस तरी. साधं विष मात्र दर टर्नला ठरावीक दोन आणे खातं, वाढत नाही, त्यामुळे त्याला आठ टर्न लागतात. तिसऱ्या टर्नपर्यंत दोघांचा आकडा सारखाच येतो, सहा-सहा आणे, म्हणजे टॉक्सिकचा खरा फायदा सुरू होतो चौथ्या टर्नपासून, आणि लोक नेमके तिथेच चुकतात, दोन टर्न वाट बघतात, काही होत नाही म्हणून घाबरून अटॅक करायला जातात.

लेफ्टओव्हर्सचा घोळ पण लिहून ठेव. समोर स्नोरलॅक्स आहे समज, लेव्हल ५० ला एचपी पूर्ण वाढवलेला, २६७. त्याचा आणा म्हणजे १६, कारण गेम खालच्या आकड्याला तोडतो, आणि सोळा सोळे २५६ म्हणजे वरचे ११ सुट्टे उरतात. लेफ्टओव्हर्स दर टर्नला एक आणा परत देतं, आणि तो विषाच्या आधी देतं. पहिल्या टर्नला एचपी भरलेलाच असतो त्यामुळे तो आणा फुकट जातो, मग पुढचं करून बघ, सहाव्या टर्नच्या शेवटी सोळाच्या सोळा आणे गेलेले असतात आणि हा पठ्ठ्या त्या ११ सुट्ट्यांवर उभा. लेफ्टओव्हर्स नसतं तर सहाव्यालाच झोपला असता. म्हणून "सहा टर्न झाले, मेला" असं मनात धरून बसायचं नाही, सहा टर्न आणि एखादी टपली असा हिशोब धरायचा. बरं स्नोरलॅक्सची अ‍ॅबिलिटी (अंगचा गुण) इम्युनिटी असली तर त्याला विष लागतच नाही, मग कागद फाडून टाक.

पण या सगळ्या हिशोबाला एक मोठं भोक आहे. समोरच्याने तो पोकेमॉन आत बोलावला की मोजणी परत एक आण्यावर येते. विष जात नाही, मोजणी जाते. चार टर्न थांबून दहा आणे खाल्लेस, त्याने आत घेतला, नंतर परत आणला, परत एक, दोन, तीन. म्हणून माझं मत असं की टॉक्सिक ही मारायची मूव्ह नाहीच, ती समोरच्याला उठवायची, म्हणजे पोकेमॉन बदलायला लावायची मूव्ह आहे, आपण फक्त त्याला बसू देत नाही. त्यामुळे तयारी करायची ती "मी किती डॅमेज करणार" याची नाही, "हे सहा टर्न मी जिवंत कसा राहणार आणि तो उठला तर त्याला काय भाडं पडणार" याची.

आता घेऊन कोण येणार. पूर्वीच्या गेममध्ये हा प्रश्नच नव्हता, टीएम (मूव्ह शिकवणारा आयटम) ०६ म्हणजे टॉक्सिक, अगदी पहिल्या गेमपासून, जिम लीडर कोगाला हरवलं की तो हातात द्यायचा, आणि जवळपास कोणालाही शिकवता यायचा. स्वॉर्ड-शील्डपासून ती मजा संपली, आता मोजक्यांनाच येतं. तेव्हा नवीन माणसाने डोकं न लावता क्लॉडसायर घ्यावा. पाल्डियातला, म्हणजे या गेमच्या प्रदेशातला, तो चिखलातला वूपर असतो ना, भोळ्या तोंडाचा, तो लेव्हल २० ला क्लॉडसायर होतो. हा स्वतः पॉयझन टाइप, आणि पॉयझन टाइपच्या पोकेमॉनने मारलेलं टॉक्सिक कधी चुकत नाही, सहाव्या पिढीपासून हा नियम आहे. इतरांच्या हातात ते ९० टक्के, म्हणजे दहातलं एक चुकणार आणि ते एक नेमकं आपल्यावरच येणार हे तुला माहितीच आहे. वर याला रिकव्हर येतं, अर्धा एचपी भरून देतं. पण रिकव्हरचे पीपी (मूव्ह किती वेळा मारता येते तो आकडा) आता पाचच असतात, वाढवून आठ, तर पीपी अप आधीच खाऊ घाल, मॅचच्या मधे आठवून उपयोग नाही. एचपीसाठी एचपी अप २६ लागतात, पैसे कमी पडले तर आठवडाभर लढून जमव, रविवारी सकाळी नेरूळच्या सोफ्यावर बसून नाही.

तिसरी मूव्ह अर्थक्वेक, म्हणजे ग्राउंड टाइपचा भूकंप, आणि ही नुसती चांगली आहे म्हणून नाही. टॉक्सिक कोणाला लागत नाही? पॉयझन टाइपला आणि स्टील टाइपला. आणि ग्राउंडचा मार दुप्पट कोणाला बसतो? त्यात हे दोघं आहेतच. म्हणजे जे विषाला हसतात ते भूकंपाला रडतात, ही जोडी कोणीतरी मुद्दाम जुळवल्यासारखी बसते. अपवाद कॉर्व्हिनाइट, स्टील आणि वर फ्लाइंग, त्याला ना विष ना भूकंप, तो येऊन निवांत छपरावर बसल्यासारखा बसतो. आणि गोल्डेंगो, त्याच्यावर स्टेटस मूव्हच (टॉक्सिकसारखी, थेट मार न देणारी) चालत नाही आणि हातात एअर बलून घेऊन आला तर फुगा फुटेपर्यंत भूकंप पण नाही. या दोघांसाठी टीममध्ये दुसरा कोणीतरी लागतोच. मी रोटॉमचं वॉशिंग मशीनवालं रूप ठेवतो, कारण त्याची वीज कॉर्व्हिनाइटला जोरात लागते, आणि क्लॉडसायरला जे चार टाइप छळतात, म्हणजे वॉटर, आइस, सायकिक, ग्राउंड, त्यातले तीन रोटॉम झेलतो. सायकिक राहिलं, त्याचं तुझं तू बघ.

चौथ्या मूव्हवर आमच्यात भांडणं आहेत. मी प्रोटेक्ट ठेवतो. प्रोटेक्ट मारला की आपल्याला काही होत नाही आणि समोरच्याचे आणे मात्र चालूच, एक टर्न फुकटात. पण लागोपाठ दोनदा मारू नकोस, दुसऱ्या वेळी तीनातून एकदाच लागतो. काही जण म्हणतात स्टेल्थ रॉक (समोरच्याच्या बाजूला टोकदार दगड टाकणारी मूव्ह) ठेव, म्हणजे तो उठून दुसरा आला की त्याला साधारण दोन आणे भाडं, आणि चारिझार्डसारखा कोणी आला तर थेट आठ आणे. मुद्दा बरोबर आहे, पण तिघांच्या मॅचमध्ये उठबस कमी होते आणि हेवी ड्यूटी बूट घातलेला आला की भाडं माफ. मग रॉक दुसऱ्या कोणाकडे तरी दे, क्लॉडसायरवर सगळी कामं नको लादू.

आता जी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती. एका पोकेमॉनला एका वेळी एकच मोठा स्टेटस (विष, भाजणं असलं दुखणं) लागतो. म्हणजे रोटॉमने हौसेने विल-ओ-विस्प मारून भाजलं तर त्याच्यावर टॉक्सिक बसणारच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे साधं विष लागलेल्यावर टॉक्सिकचं जहाल विष बसत नाही! क्लॉडसायरची एक अ‍ॅबिलिटी आहे पॉयझन पॉइंट, त्याला कोणी हात लावला की ३० टक्के वेळा हात लावणाऱ्याला साधं विष लागतं. ऐकायला मस्त वाटतं ना, विषाची टीम आणि अंगात पण विष, पण यानेच माझी मॅच घालवली होती, समोरचा येऊन एक बुक्की मारून गेला, त्याला साधं विष लागलं आणि माझं टॉक्सिक "फेल, फेल" करत बसलं, तो दोन-दोन आणे देत आरामात खेळला. त्यामुळे अ‍ॅबिलिटी बघूनच ये. अनअवेअर असेल तर उत्तम, समोरच्याने कितीही अटॅक वाढवला तरी क्लॉडसायर तो मोजत नाही. नाहीतर वॉटर अ‍ॅब्सॉर्ब, पाण्याची भीती जाते. पॉयझन जॅब, स्लज बॉम्ब पण याच कारणाने नको. टॉक्सिक स्पाइक्सचा (जमिनीवरच्या विषारी काट्यांचा) एकच थर टाकून बसलास तरी हाच घोटाळा, एका थराने साधं विष, दोन थरांनीच जहाल, तर टाकायचे तर दोन टाक नाहीतर नको.

शनिवारी रात्री एकदा उलटी यादी पण वाच, म्हणजे कोणावर टॉक्सिक मारायचं नाही. ब्रेलूम आणि ग्लायस्कॉर, दोघांकडे पॉयझन हील असू शकतं, विष लागलं की दर टर्नला दोन आणे उलट मिळतात. मी ग्लायस्कॉरवर मारलंय, चार लोकांसमोर. त्याच्या हातात टॉक्सिक ऑर्ब होताच, तो तसाही स्वतःला विष लावून घेणार होता, मी माझा टर्न घालवून त्याला मदत केली आणि तो थँक्यू म्हणाला. हॅटरीन आणि एस्पियन मॅजिक बाउन्सने मूव्ह परत फेकतात, क्लॉडसायरला टॉक्सिक परत येऊन काही होत नाही म्हणा, पण रॉक टाकले असशील तर ते तुझ्या अंगणात पडतील. क्लेफेबलकडे मॅजिक गार्ड असेल तर विष लागतं पण आणा एकही जात नाही. गार्गानॅकलकडे प्युरिफायिंग सॉल्ट असेल तर त्याला कुठलाच स्टेटस लागत नाही. ब्लिसीचं नॅचरल क्युअर, आत गेली की बरी. गट्स असलेल्याला विष म्हणजे टॉनिक, अटॅक दीडपट होतो. आणि सब्स्टिट्यूटच्या मागे लपलेल्यावर मारून टर्न घालवू नको, आधी बाहुलं फोड.

टेरा, म्हणजे मॅचमध्ये एकदा टाइप बदलायची सोय, विसरलोच. कोणी पटकन स्टील टेरा झाला तर त्यानंतर टॉक्सिक बसणार नाही, पण आधीच बसलेलं असेल तर टाइप बदलून उतारा मिळत नाही, ते भिनतच राहतं. म्हणून शक्य तितक्या लवकर मार, त्याने टेरा वापरायच्या आधी. टॉन्ट मारणारा कोण आहे हे पण समोरच्याचे सहा दिसतात तेव्हाच हेरून ठेव, टॉन्ट बसला की टॉक्सिक, रिकव्हर, प्रोटेक्ट तिन्ही बंद आणि क्लॉडसायर नुसता भूकंप करणारा जाड प्राणी. लम बेरीचा (स्टेटस बरा करणारं फळ) एकदा अंदाज घे, पहिलं टॉक्सिक लगेच बरं झालं तर तोंड पाडू नको, बेरी संपली, दुसरं मार.

लेफ्टओव्हर्स क्लॉडसायरलाच दे, त्यात वाद नाही.

बाकी सामान फार नाही. गेम शुक्रवारीच घरच्या वायफायवर अपडेट करून घे, व्हर्जन वेगळं असलं तर लोकल बॅटल जुळत नाही आणि तिथे दहा जण एका राउटरवर बसून डाउनलोड करतायत हे दृश्य मला परत बघायचं नाही. स्विच पूर्ण चार्ज, चार्जर वेगळा, आणि एक्स्टेंशन बोर्ड जो ठाण्याहून येतोय त्याने आणावा कारण मागचा गेला. ठाण्यावरून नेरूळला थेट गाडी मिळते, पण रविवार आहे, मेगाब्लॉक बघूनच निघ, नाहीतर ऐरोलीला उभा राहून मेसेज करशील. गाडीत बसायला मिळालं तर त्या वेळात मित्राबरोबर एक सराव होतोच, सराव करताना मुद्दाम एकदा काहीच अटॅक न करता सहा टर्न काढून बघ, नुसतं टॉक्सिक, प्रोटेक्ट, रिकव्हर, प्रोटेक्ट. कंटाळा येईल, हात शिवशिवतील, पण ते एकदा जमलं पाहिजे.

आणि वेळेचं सांगतो, कारण तक्रारी आल्यात. एका मॅचला मोबाइलवर २० मिनिटं लावणार, वेळ संपली की ज्याचे पोकेमॉन जास्त उरलेत तो जिंकला, सारखे असले तर एचपी बघू. रिकव्हर-रिकव्हर खेळत तासभर बसायचं नाही, बाकीच्यांना पण खेळायचंय. कागद आणला असशील तर तो मात्र लपवून ठेव, मागच्या खेपेला माझे आणे बघून समोरच्याने बरोबर चौथ्या टर्नला पोकेमॉन आत घेतला होता.