सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरवताय? या चुका टाळा

गेली बरीच वर्षं मी सब-ज्युनियर, ज्युनियर आणि शालेय स्पर्धांमध्ये तांत्रिक टेबलावर बसतो आहे. गाव बदलतं, समिती बदलते, चुका मात्र त्याच. नव्या समितीचा पहिला महिना मंडप, स्वागतकमान आणि पाहुण्यांच्या यादीत जातो. स्कोअरर कोण, हे आदल्या रात्री ठरतं. त्याची किंमत चौदा-पंधरा वर्षांची मुलं मोजतात, म्हणून हे लिहितो आहे.

दोन वाटा एक समजणं. संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी आणि शालेय राष्ट्रीय वेगळी. पहिलीत जिल्हा संघटना, राज्य संघटना, मग भारतीय संघटना अशी साखळी असते. दुसरी 1954 साली स्थापन झालेल्या स्कूल गेम्स फेडरेशनची. तिच्यात 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात आणि आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. एकीकडची निवड दुसरीकडे चालत नाही, अर्जही वेगळे. पालकांना हे हंगाम सुरू होतानाच सांगा.

मैदान पावलांनी मोजणं. फक्की मारणारा माणूस क्रिकेटचा असतो आणि "अंदाजाने टाकतो साहेब" म्हणतो. टाकू देऊ नका. स्टीलचा टेप आणा, कापडी टेप ताणला की लांबतो. दोन बेसमधलं, म्हणजे रन काढताना गाठायच्या दोन टप्प्यांमधलं, अंतर 18.29 मीटर. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीच्या, मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंत 25.86 मीटर. हा कर्ण जुळला नाही तर चौकोन वाकडा आहे, पुन्हा आखा. फर्स्ट आणि थर्ड बेस पूर्ण चौकोनाच्या आत बसतात. सेकंडचा मात्र मध्य कोपऱ्यावर येतो. इथे निम्म्या समित्या चुकतात.

पिचिंगचं, म्हणजे चेंडू टाकण्याचं, अंतर होम प्लेटच्या मागच्या टोकापासून पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. महिलांसाठी ते 13.11 मीटर, पुरुषांसाठी 14.02. लहान गटांसाठी स्पर्धेच्या पत्रकात जे दिलं असेल तेच धरा. सकाळी मुलांचे सामने आणि दुपारी त्याच मैदानावर मुलींचे असतील, तर मध्ये पट्टी हलवावी लागते. ती हलवायला कोणी नेमलेलंच नसतं. मी दोन्ही जागी जमिनीत खिळे ठोकून त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी बांधतो आणि पहिल्या सामन्याआधी तासभर स्वतः टेप धरतो. पंचांना दाखवल्याशिवाय मैदान ताब्यात देत नाही.

बरोबरी झाल्यावर नुसता रनांचा फरक काढणं. ही चूक मला सर्वांत जास्त छळते.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींची सब-ज्युनियर स्पर्धा होती. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि तीन संघ बरोबरीत आले. त्यांना अ, ब, क म्हणू. अ ने ब ला 6-1 हरवलं, ब ने क ला 9-1 आणि क ने अ ला 3-2. एकमेकांविरुद्धच्या निकालावरून काहीच ठरेना. संगणकावर बसलेल्या मुलाने रनांतला फरक काढला: अ अधिक 4, ब अधिक 3, क उणे 7. अ चं नाव पुकारलं गेलं, यादी फळ्यावर लागली. ब च्या मुलींनी बॅगा भरल्या आणि संघ स्टेशनवर गेला.

मी रात्री स्कोअरशीट पडताळायला बसलो. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, बरोबरी टीक्यूबीने सोडवायची. टीक्यूबी म्हणजे टीम्स क्वालिटी बॅलन्स. सामना सात इनिंगचा आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतात. काढलेल्या रनांना फलंदाजीच्या इनिंगनी भागायचं, दिलेल्या रनांना क्षेत्ररक्षणाच्या इनिंगनी भागायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. फक्त बरोबरीतल्या संघांमधले सामने धरायचे. ब-क सामना मोठ्या आघाडीमुळे पाचव्या इनिंगमध्येच संपला होता आणि ब ला त्या इनिंगची फलंदाजी करावीच लागली नव्हती. म्हणून ब च्या 11 इनिंगमध्ये 10 रन होते आणि 12 इनिंगमध्ये 7 दिलेले. 0.909 उणे 0.583, म्हणजे 0.326. अ चे 14 इनिंगमध्ये 8 रन, 13 मध्ये 4 दिलेले. क ने शेवटची फलंदाजी न करताच सामना जिंकला, म्हणून 13. 0.571 उणे 0.308, म्हणजे जेमतेम 0.264. पुढे जायला हवा होता ब.

गाडी अकराची होती. मी मोटारसायकलवर स्टेशन गाठलं तेव्हा मुली फलाटावर सतरंजी पसरून डबे खात होत्या. त्यांच्या मॅनेजर बाईंपुढे मी कागद धरला. त्यांनी दोनदा आकडे तपासले आणि न बोलता मुलींना उठवलं. परतीची तिकिटं वाया गेली, ती समितीने भरून दिली. पण त्याच वेळी दुसऱ्या वसतिगृहात अ च्या मुली पुढे गेल्याच्या आनंदात झोपल्या होत्या. सकाळी सहाला त्यांना कुणी सांगायचं? मी सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, मग आम्ही काय चुकलो?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलो होतो आम्ही.

तेव्हापासून माझी सवय अशी. मॅनेजरांच्या सभेत बरोबरीचा क्रम मोठ्याने वाचायचा: आधी आपसातला निकाल, मग टीक्यूबी, मग फक्त पिचरच्या खात्यावरचे रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी आलेले वगळून) धरून तेच गणित. पत्रकात वेगळं असेल तर पत्रकातलं. इनिंग अर्धवट राहिली तर प्रत्येक बादचा एक तृतीयांश धरायचा. दोन माणसांनी वेगवेगळं गणित करायचं, एकाने हाताने. तिन्ही मॅनेजरांची सही झाल्याशिवाय माइक हातात घ्यायचा नाही. "एक्सेल करतं की" असं म्हणणाऱ्या उत्साही पोरांना मी आधी एक सामना हाताने लिहायला बसवतो. ज्याला इनिंग मोजता येत नाही त्याच्या हातात सूत्र देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वयाची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर घेणं. मूळ जन्मदाखला आणि शाळेचा कागद, आदल्या दिवशी, मुलासमोर. घाईत सोडलेला एक मोठा मुलगा म्हणजे घरी राहिलेला एक योग्य वयाचा मुलगा.

पेज पद्धतीला उपांत्य फेरी म्हणणं. यात पुढे आलेल्या चार संघांपैकी पहिला-दुसरा खेळतात, तिसरा-चौथा खेळतात. पहिल्या जोडीतला हरलेला संघ बाहेर जात नाही, दुसऱ्या जोडीच्या विजेत्याशी पुन्हा खेळतो. कार्यक्रमपत्रिकेत हे बाणांनी काढा, नाहीतर पालक मुलांना घेऊन निघून जातात.

डबल बेस, म्हणजे फर्स्ट बेसचा दोन रंगांचा जोड बेस, उलटा लावणं. पांढरा भाग मैदानात, रंगीत भाग फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, बाजूला. लहान मुलांची टक्कर त्यानेच टळते.

उन्हात उद्घाटन. मुलांना तासभर रांगेत उभं करून भाषणं करू नका.

कागद फेकून देणं. स्पर्धा संपली की मंडपवाल्याबरोबर कागदही जातात. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळावं लागतं. तेव्हा प्रवेशिका आणि स्कोअरशीट मागितली जाते. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे आली. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट छापलं होतं आणि आयोजकांकडे एक चिठोरा उरला नव्हता. माझ्या कपाटात त्या स्पर्धेच्या प्रवेशिकांची कार्बन प्रत होती. तिच्यावर तिचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे आणि शेजारी फोटो होता.

म्हणून प्रमाणपत्र छापण्याआधी नावांची यादी प्रत्येक मॅनेजरकडून सही घेऊन तपासा. प्रवेशिका, सगळ्या स्कोअरशीट, गटवार निकाल आणि संघांचे फोटो यांचे दोन संच करा. एक राज्य संघटनेला पाठवा, दुसरा कार्यालयात कुलपात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागते.