एलएनजीच्या फायर-सेफ्टीत येताय? आधी वाफेची वाट ओळखा

फायरचा किंवा इंडस्ट्रियल सेफ्टीचा कोर्स करून एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनलवर येणाऱ्या मुलांना आगीची चांगली माहिती असते. वाफेची मात्र फारशी नसते. मला विचाराल तर इथे आधी वाफ शिकायची, आग नंतर.

मूळ गोष्टी थोडक्यात. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान साधारण सहाशे पटींनी घटतं. द्रव स्वतः पेटत नाही. त्याची वाफ हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळली तरच पेट घेते. सीएनजीकडून आलेल्यांच्या डोक्यात ‘मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) हवेपेक्षा हलका, वर निघून जातो’ हे पक्कं बसलेलं असतं. एलएनजीची ताजी वाफ तशी वागत नाही. ती इतकी गार असते की साधारण उणे ११० अंशांपर्यंत तापेपर्यंत हवेपेक्षा जड राहते. जमिनीलगत सरपटते, गटारात, केबल ट्रेंचमध्ये, खोलगट जागेत उतरते. शिवाय तिला वास नसतो. घरगुती गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. इतक्या थंडीत तो पदार्थ गोठून जाईल, म्हणून एलएनजीत तो घालत नाहीत. नाकावर विसंबायची सवय इथे सोडावीच लागते.

जमिनीवर पांढरा ढग दिसतो, पण तोही वायू नव्हे. ते हवेतल्या बाष्पाचं धुकं आहे. पावसाळ्यात कोकणात हवा दमट असते, तेव्हा हा ढग सहसा पेट घेऊ शकणाऱ्या भागापेक्षा मोठा दिसतो. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी उलट होतं: ढग संपला असं वाटतं तिथून पुढेही पेटेल इतका वायू असू शकतो. म्हणून ढगाच्या कडेवरून सुरक्षित अंतर ठरवू नका. आधी विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा आणि गॅस डिटेक्टरवर विश्वास ठेवा. डिटेक्टरचा आकडा मात्र समजून घ्या. एलईएल म्हणजे पेट घ्यायला लागणारं वायूचं किमान प्रमाण. १०० टक्के एलईएल म्हणजे हवेत ५ टक्के वायू. २० टक्के एलईएलला अलार्म वाजला तर हवेत फक्त १ टक्का वायू आहे. मुलाखतीत हा हिशेब विचारला की निम्मे उमेदवार अडखळतात.

आता तीन अपघात. मी प्रत्येक नव्या माणसाला हे वाचायला लावतो. २० ऑक्टोबर १९४४ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये एलएनजीची टाकी फुटली. तिचं पोलाद इतक्या थंडीला पुरेसं चिवट नव्हतं. द्रव रस्त्यावर आला, गटारांत शिरला, आणि वाफ भूमिगत वाहिन्यांतून घरांपर्यंत पोचली. सुमारे १३० माणसं गेली. १९७९मध्ये मेरीलँडच्या कोव्ह पॉइंटला पंपाच्या सीलमधून झालेली गळती विजेच्या केबलच्या पाइपातून लांबच्या सबस्टेशनमध्ये गेली, तिथे ठिणगी पडून स्फोट झाला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्या इमारतीत गॅस पोचेल असं कुणाच्या मनातच नव्हतं. जानेवारी २००४मध्ये अल्जीरियातल्या स्किक्दा इथे गळतीचा वायू बॉयलरच्या हवा ओढणाऱ्या पंख्यातून आत गेला, असं तपासात पुढे आलं. २७ कामगार मेले. गटार, केबलचा पाइप, पंख्याचं तोंड. तिन्ही ठिकाणी वाफेला अशी वाट मिळाली, जिच्याकडे गॅसची वाट म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे नोकरीच्या सुरुवातीलाच ड्रेनेजचा आणि केबल ट्रेंचचा नकाशा मागून घ्या आणि तो हातात धरून प्लांट पायी फिरा. प्रत्येक चेंबरचं झाकण, कंट्रोल रूमच्या एसीचं हवा घेण्याचं तोंड, भिंतीतून जाणाऱ्या केबलभोवतीचं सील, सगळं डोळ्यांनी बघा.

आग विझवण्याबद्दल एक सवय मुळापासून बदलावी लागते. साचलेल्या एलएनजीवर पाणी मारायचं नाही. आपल्याला थंड वाटणारं पाणी त्या द्रवासाठी तापलेला तवा आहे. प्रशिक्षणात काँक्रीटच्या छोट्या खड्ड्यात एलएनजी पेटवून हे दाखवतात. पाण्याचा फवारा पडताच ज्वाळ उंच उसळते आणि मागे उभ्या मुलांचे पाय आपोआप मागे सरतात. मग हाय एक्स्पान्शन फोम सोडतात, एका लिटर द्रावणाचा सुमारे पाचशे लिटर फेस. पहिल्या क्षणी ज्वाळ थोडी वाढते, त्यामुळे घाबरून फोम बंद करू नका. फेसाचा थर जमला की आग बुटकी होते आणि तोंडावर येणारी धग ओसरते. ती पूर्ण विझवते ती ड्राय केमिकल पावडर. पण विझवायची का, हा प्रश्न आधी विचारा. गळती चालू असताना ज्वाळ मारली तर वाफ साचत राहते, आणि दुसऱ्यांदा पेटते तेव्हा तुम्ही तिच्या मधोमध उभे असता. म्हणून आधी ईएसडी (इमर्जन्सी शटडाउन), व्हॉल्व्ह बंद, माणसं बाहेर. पाण्याचं काम शेजारच्या टाक्या आणि पाइप गार ठेवण्याचं, आणि वॉटर कर्टन, म्हणजे फवाऱ्याचा पडदा, धरून वाफेला ऊब देऊन वर उचलण्याचं. ते पाणी एलएनजी साचलेल्या खड्ड्यात वाहून जाणार नाही याकडे लक्ष ठेवणारा एक माणूस वेगळा लागतो.

शिक्षणाचं म्हणाल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची फायर इंजिनिअरिंगची पदवी उत्तम. डिप्लोमा किंवा विज्ञान पदवीनंतर एमएसबीटीईचा (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) इंडस्ट्रियल सेफ्टीचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमाही चालतो. ओआयएसडी-१९४ (ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेटचं) हे भारतीय मानक आणि एनएफपीए ५९ए हे अमेरिकन मानक, दोन्ही मुलाखतीआधी वाचा. पाठ करू नका. स्पिल (सांडलेला द्रव) कुठे गोळा करायचा आणि कशापासून किती लांब ठेवायचा, त्यामागचं कारण समजून घ्या.

नोकऱ्या गुजरातमधल्या दहेज, हजिरा, आपल्या गुहागर तालुक्यातल्या दाभोळ टर्मिनलवर आहेतच. आता महामार्गांवर ट्रकांसाठी एलएनजी पंपही येत आहेत. नागपुरात २०२१मध्ये असा पंप सुरू झाला. नव्या मुलांनी या पंपांना कमी लेखू नये. टर्मिनलवर फायर टेंडर आणि पूर्ण शिफ्ट हाताशी असते. पंपावर मोजकी माणसं. होज जोडण्याआधी ट्रकचं इंजिन बंद करायला लावणं, अर्थिंग लावणं, कपलिंगवर जमलेला बर्फ नेहमीचा आहे की गळतीचा हे ओळखणं, हातमोजे आणि फेस शील्डशिवाय कुणाला पुढे येऊ न देणं, हे सगळं तिथे एकाच माणसाच्या अंगावर असतं.