ई-२ व्हिसाची फाईल: आधी पैशाचा माग काढा

अमेरिकेच्या ई-२ इन्व्हेस्टर व्हिसाला (अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांना तिथे पैसे गुंतवून धंदा करण्यासाठी मिळणारा व्हिसा) कागद कमी पडत नाहीत, उलट ढीग होतो आणि पैसा नक्की कुठून कुठे गेला तेच त्यात सापडत नाही.

आमचं उदाहरण घ्या, पासपोर्ट कॅनडाचा, पैसे पुण्यातला फ्लॅट विकून आलेले. मी आधी एका पानावर साधा तक्ता केला, एका ओळीत एकच उडी: तारीख, रक्कम, कुठून, कुठे, पुरावा नंबर.

१. फ्लॅट घेतल्याचं आणि विकल्याचं खरेदीखत, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा)
२. एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंट, टॅक्स भरल्याची पावती
३. कॅनडाला पाठवल्याची बँकेची पावती, सीएचं सर्टिफिकेट
४. तिथून अमेरिकेतल्या कंपनीच्या खात्यात
५. आणि तिथून खर्च: दुकानाचं लीज, मशीनची बिलं

नंबर कागदाच्या कोपऱ्यात पण टाका आणि स्टेटमेंटमधली ती एकच एंट्री हायलायटरने रंगवा. रुपये आणि डॉलर दोन्ही लिहा, नाहीतर आकडे जुळत नाहीत असं वाटतं. इंडेक्स २ मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सहीसकट आधीच करून ठेवा, आमचं सगळ्यात जास्त इथेच अडलं होतं (आणि हो, जुनी स्टेटमेंट मागायला बँकेत दोनतीन चकरा धराच).

एक मात्र बघा, ई-२ ला लागतो तसा करार भारताचा अमेरिकेशी नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर ई-१ (व्यापाऱ्यांसाठीचा तसाच व्हिसा) किंवा ई-२ साठी स्वतः अर्ज करता येत नाही, एजंट काहीही सांगो.