धूप करपतो, उदबत्ती विझते : करताना आणि जाळताना होणाऱ्या या चुका टाळा

'तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले' ही म्हण आपण अजूनही सहज वापरतो. मात्र ज्याच्या हाती आज खरोखरच धुपाटणे येते, त्याला ते वापरावे कसे, हे बहुधा ठाऊक नसते. तो कोळसा लालभडक पेटवतो, त्यावर मूठभर धूप टाकतो, खोली धुराने भरते, घरातली मंडळी खोकू लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून धुपाटणे पुन्हा फडताळात जाते. दोष धुपाचा नसतो. संस्कृत धातुपाठात 'धूप्' या धातूचा अर्थ 'संतापे', म्हणजे तापणे, असा दिलेला आहे आणि या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका हा एवढा अर्थ विसरल्यामुळे घडतात. धूप तापवायचा असतो, पेटवायचा नसतो. पूजेत धूप दाखवताना जो श्लोक म्हणतात, त्यातही त्याला 'वनस्पतिरसोद्भूतो' म्हटले आहे. झाडाचा रस म्हणजे राळ, गुग्गुळ, लोबान यांसारखे पदार्थ. ते मंद आचेवर वितळतात, तेव्हा त्यांतली सुगंधी तेले उडून हवेत पसरतात. तीच आच तीव्र झाली, की ती तेले जळून जातात आणि मागे राहतो तो केवळ काजळीचा वास.

निखारा आणि राख

धुपाटण्यातली पहिली चूक म्हणजे निखाऱ्याची घाई. कोळसा पूर्ण पेटून त्यावर राखेचा पांढुरका थर चढेपर्यंत थांबावे लागते आणि कोळशाच्या तुकड्याला यासाठी बऱ्यापैकी वेळ लागतो. करवंटीचा कोळसा असेल तर उत्तम. त्याला स्वतःचा वास फारसा नसतो. पूजासाहित्याच्या दुकानांत ज्या काळ्या गोल टिकड्या मिळतात आणि काडी लावताच तडतडत पेटतात, त्यांत चटकन पेट घेण्यासाठी सोरा मिसळलेला असतो. त्या तडतडण्याबरोबर येणारा उग्र वास निघून जाईपर्यंत त्यांवर काहीही घालू नये. टिकडी हातात धरून पेटवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, तिला चिमटा हवाच.

दुसरी चूक निखाऱ्यावर थेट धूप टाकण्याची. धुपाटण्याच्या तळाशी चाळलेल्या राखेचा जाड थर असावा, त्यात निखारा अर्धा बुडवावा, वर राखेची चिमूट भुरभुरावी आणि मग धुपाचे हरभऱ्याएवढे दोन-तीन खडे ठेवावेत. धूर काळा आणि सरळ उठू लागला तर आच जास्त आहे असे समजून राख वाढवावी. खडा नुसताच चिकट होऊन बसला तर राख थोडी बाजूला सारावी. जपानमध्ये अगरूचा तुकडा हुंगण्याची जी जुनी परंपरा आहे, तिच्यात तर निखारा राखेत पूर्ण पुरतात आणि वर अभ्रकाची चकती ठेवून तिच्यावर लाकडाची कपची तापवतात. धूर जवळजवळ होतच नाही, सुगंध मात्र बराच वेळ टिकतो. चंदनाच्या किंवा अगरूच्या महागड्या कपच्या पेटत्या कोळशावर टाकणाऱ्यांनी ही युक्ती एकदा अवश्य करून पाहावी. अभ्रकाचा छोटासा तुकडाही पुरतो.

तिसरी चूक मात्र केवळ सुगंधापुरती नाही. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन, विषारी वायू तयार होतो. पावसाळ्यात किंवा थंडीत खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवणे आणि त्याच खोलीत झोपणे जिवावर बेतू शकते. बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, धूप यांची धुरी देण्याची आपल्याकडची चाल आपुलकीतून आलेली आहे, हे मान्य. पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना कोणताही धूर सोसत नाही. धुरी द्यायचीच असेल तर बाळाच्या रिकाम्या कपड्यांना, बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्यावी आणि कपडे वाऱ्यावर झटकून मगच वापरावेत. घरात दम्याचा रुग्ण असल्यास तेही करू नये.

ऊद मागितला, मिळाले काय?

नावांच्या गोंधळात फसगत होते, ती अशी. 'ऊद' हा अरबी शब्द मुळात अगरूच्या लाकडासाठी आहे. आसाम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत वाढणाऱ्या त्या झाडाला बुरशीची लागण झाली, की त्याच्या गाभ्यात काळसर, सुगंधी राळ साठते. निरोगी झाडाचे लाकूड जवळपास बिनवासाचे असते. उदबत्तीतला 'उद' आणि अगरबत्तीतला 'अगर' म्हणजे एकच वस्तू दोन भाषांतून आलेली. पण आपल्या किराणा दुकानात 'ऊद' मागितल्यावर पुडीत जे खडे मिळतात, ते अगरूचे नसून बहुधा सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या, व्हॅनिलाच्या जवळ जाणाऱ्या गोडसर वासाच्या राळेचे असतात. याच राळेला अरब व्यापारी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. खरा लुबान वेगळ्याच झाडाचा, ओमान आणि सोमालियाकडचा. त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात आढळणारी सालई. तिच्या डिंकाचा वास लिंबाच्या सालीकडे झुकणारा, काहीसा तिखट असतो. दशांगाच्या, म्हणजे दहा द्रव्यांच्या धुपाच्या, पाककृतीत 'लोबान' लिहिलेले असते तेव्हा कोणता घ्यावा, याचे उत्तर पुस्तकात नसते. दोन्हींचा एकेक खडा तापवून पाहावा आणि आपल्या मिश्रणात गोडवा हवा की तिखटपणा, ते स्वतःच ठरवावे.

गुग्गुळाची परीक्षा जुने लोक सांगतात ती आजही उपयोगी आहे: खरा गुग्गुळ आगीत जळतो, उन्हात मऊ पडून पाघळतो आणि कोमट पाण्यात घोटला की पाणी दुधाळ होते. खडा पाण्यात नुसताच फुगून चिकचिकीत झाला किंवा तळाशी माती आणि सालपटे बसली, तर त्यात भेसळ आहे. येथे एक गोष्ट ग्राहक म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजस्थान आणि कच्छमधले हे काटेरी झुडूप आता अतिसंकटग्रस्त मानले जाते आणि त्यामागचे एक कारण म्हणजे अधिक डिंक मिळावा म्हणून खोडावर घातलेले खोल, बेसुमार घाव. अशा घावांनंतर झुडूप वाळून जाते. त्यामुळे गुग्गुळ रोज ओंजळीने जाळण्याचा पदार्थ नव्हे. राळ आणि सालई मुख्य ठेवून गुग्गुळ चिमटीने घालावा.

घरी वळताना

घरी उदबत्ती किंवा धूपकांडी करणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'पेटवली की दोन मिनिटांत विझते.' याचे मुख्य कारण राळेचा अतिरेक हे आहे. वास अधिक यावा म्हणून आपण राळ, गुग्गुळ, तूप, अत्तर सढळ हाताने घालतो. परंतु राळ आधी वितळते, वितळताना निखाऱ्याभोवती आवरण घालते आणि हवा तुटली की निखारा विझतो. एकूण दहा भाग मिश्रण धरले तर राळयुक्त पदार्थ दोन भागांच्या पुढे जाऊ देऊ नयेत, दोन ते अडीच भाग जिगट (मिश्रण चिकटवणारी सालीची पूड) असावे आणि उरलेले चंदन, नागरमोथा, वाळा, कचोरा, जटामांसी यांची पूड असावी. एवढे करूनही विझत असेल तर एक भाग कोळशाची वस्त्रगाळ पूड घालून पाहावे. कांडीची जाडी हेही एक कारण असते: करंगळीएवढी जाड कांडी हौसेने वळली जाते, पण बाहेरून वाळून आतून ओलीच राहते.

जिगट म्हणजे मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची पूड. पाण्यात भिजली की ती चिकट होते आणि जळताना स्वतःचा वास फारसा सोडत नाही. तिच्याऐवजी गव्हाचे पीठ, साबुदाण्याची खळ किंवा बाभळीचा डिंक वापरला, तर कांडी नीट वळते खरी, पण जळताना करपलेल्या पोळीचा किंवा जळक्या साखरेचा वास येतो आणि मग आपण उगाच चंदनाला दोष देतो.

राळ मिक्सरमध्ये दळणे ही आणखी एक हमखास चूक. पात्याच्या उष्णतेने ती वितळते, भांड्याला चिकटते आणि पुढचे दोन महिने चटणीला धुपाचा वास येतो. राळेचे खडे रात्रभर शीतकपाटात ठेवून सकाळी खलबत्त्यात थोडे थोडे कुटावेत आणि कुटतानाच चंदनाची किंवा नागरमोथ्याची कोरडी पूड मिसळावी, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. सर्व पुडी वस्त्रगाळ असणे अत्यंत आवश्यक आहे; जाडसर कण असला की निखारा तेथे अडखळतो आणि बत्ती एका अंगाने जळत जाते.

मिश्रण भिजवून लगेच वळायला घेणे हीदेखील घाईच. जुन्या गंधशास्त्रात सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या ज्या सहा क्रिया सांगितल्या आहेत, त्यांतली पहिली 'भावना', म्हणजे पूड द्रवात पुन्हा पुन्हा भिजवून मुरवणे, ही आहे. हे शास्त्र संस्कृतातच राहिले असे मानण्याचे कारण नाही. गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथाबरोबर 'गंधवाद' नावाचा जो ग्रंथ सापडला, त्यावर चक्क मराठी टीका आहे आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. आपल्या पूर्वजांनी हा विषय मराठीत समजून घेतला होता, तर आपणही भिजवलेला गोळा ओल्या फडक्यात झाकून एक रात्र ठेवण्याइतका धीर धरायला हरकत नाही. मुरलेला गोळा वळताना तडकत नाही.

वाळवताना ऊन दाखवू नये. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, त्याला चिरा पडतात, काडीवरचा लेप सुटतो आणि सुगंधी तेलांचा मोठा भाग तिथेच उडून जातो. सावलीत, वारा खेळत असलेल्या जागी, रोज उलटसुलट करत चार-पाच दिवस वाळवावे. आषाढ-श्रावणात हा उद्योग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेतल्या ओलाव्यामुळे तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते आणि बुरशी धरलेली बत्ती पुसून जाळणे म्हणजे ती बुरशीही हवेत सोडणे. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला.

निर्माल्याच्या फुलांच्या धुपाविषयी थोडे परखड लिहिणे भाग आहे. निर्माल्य नदीत न टाकता त्याचा धूप करणे ही कल्पना स्वागतार्हच. पण झेंडू, गुलाब, मोगरा जाळल्यावर त्यांचा सुगंध येईल ही अपेक्षा चुकीची आहे. फुलांतली तेले वाळतानाच उडून जातात आणि जळते ती केवळ पाकळी, जिचा वास पालापाचोळ्यासारखा येतो. फुलांची पूड जळाऊ भाग म्हणून, लाकडाच्या पुडीच्या जागी वापरावी आणि सुगंधासाठी वाळा, कचोरा, राळ यांवर विसंबावे. दवणा आणि मरवा याला काही अंशी अपवाद आहेत.

विकत घेताना

पुडा नाकाशी नेऊन उदबत्ती निवडणे ही सार्वत्रिक सवय आहे आणि ती दिशाभूल करते. बाजारातल्या बहुतांश बत्त्या कोळसा आणि लाकडाच्या पुडीच्या कच्च्या बत्त्या असतात, ज्या नंतर द्रावकात मिसळलेल्या कृत्रिम अत्तरात बुडवतात. पुड्यात दरवळतो तो हा लेप. मसाला बत्तीत सुगंधी द्रव्ये मूळ मिश्रणातच असतात, म्हणून तिचा वास पुड्यात मंद आणि जळताना अधिक येतो. खरी परीक्षा अशी: एक बत्ती लावावी, खोलीबाहेर जावे आणि ती संपल्यावर पंधरा मिनिटांनी परत यावे. तेव्हा जो वास उरतो, तोच विकत घेतलेला वास होय.

म्हैसूर-बंगळूरकडच्या काही मसाला बत्त्या हाताला ओलसर, मऊ लागतात. त्यांत हलमड्डी नावाची राळ असते, जी हवेतला ओलावा ओढून घेते. त्या सादळल्या आहेत असे समजून उन्हात किंवा तव्यावर ठेवू नयेत. साध्या बत्त्या मात्र पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि चहा, मसाले यांच्या फळीवर कदापि नाही.

बांबूची काडी जाळली की वंश जळतो, अशा आशयाचे संदेश फिरत असतात. संस्कृतात 'वंश' म्हणजे कुळ आणि बांबूही, या श्लेषावर ते बेतलेले आहेत. त्यात घाबरण्यासारखे काही नसले, तरी जाड काडीचा जळका वास धुपाला मारतो हे खरे आहे. काडी बारीक असावी, किंवा बिनकाडीची कांडी घ्यावी.

देवापुढे

पंचोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य असा क्रम आहे. घाईत निरांजन आधी ओवाळले जाते आणि उदबत्ती मागाहून आठवते. उदबत्तीची ज्योत फुंकून विझवू नये हा संकेत तर सर्वांना माहीत असतो, पण हात जोरात झटकून ती विझवताना ठिणगी उडते. बत्ती उभी धरून हलकेच खाली ओढली की ज्योत आपोआप मालवते. नैवेद्याच्या केळ्यात उदबत्ती खोचण्याची पद्धत सोयीची वाटते, परंतु तेच केळे नंतर प्रसाद म्हणून वाटले जाते आणि त्यात राख, अत्तर आणि काडीची कुसळे गेलेली असतात. खोचण्यासाठी वाटीभर तांदूळ किंवा वाळू पुरे.

गणपतीच्या दिवसांत मखर कागदाचे, कापडाचे, वाळलेल्या पानाफुलांचे असते आणि त्याला लागूनच जुडीभर उदबत्त्या पेटवून घरातले सगळे आरतीनंतर जेवायला बसतात. बत्ती मखरापासून किमान हातभर दूर, पडणाऱ्या राखेहून रुंद अशा ताटलीत असावी, आणि पंखा सुरू असेल तर राख वाऱ्याच्या दिशेने कोठे पडेल, हे आधी पाहून घ्यावे. धुपाटण्यातला निखारा रात्री कचऱ्याच्या टोपलीत ओतू नये. वरून थंड दिसणारी राख आत तासन् तास धगधगत असते. ती सकाळपर्यंत धुपाटण्यातच राहू द्यावी आणि मग चाळून पुढच्या वेळेसाठी डब्यात भरून ठेवावी, कारण पुन्हा पुन्हा तापलेली जुनी राख नव्या राखेपेक्षा आच अधिक सारखी धरते.