बंद घरामागचं अंजीर, डाळिंब, लिंबू परत फळावर आणायचं असेल तर

गावचं घर काही वर्षं बंद राहिलं की परसात घाणेरी आणि गाजरगवत असं माजतं की मधलं डाळिंब दिसत पण नाही, मग सगळे म्हणतात झाड गेलं, काढून टाका. प्लीज घाई करू नका. फांदीची साल नखाने जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

आधी तण काढा, पायात बूट घालून आणि काठी आपटत, अशा जागी साप असू शकतो. झाडावर बांडगूळ असेल तर ते नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत जातात, त्यामुळे चिकटलंय त्याच्या बरंच खालून फांदीच कापा.

आता छाटणी. सगळ्या झाडांवर एकसारखा कोयता चालवला की वाट लागते, आधी फळ कुठल्या फांदीला धरतं ते बघायचं. अंजिराला नव्या फुटीवर फळ येतं म्हणून ते बिनधास्त छाटा, पुण्याजवळच्या पुरंदरकडे मीठा बहार (उन्हाळ्याच्या सुमारास येणारं पीक) धरायचा तर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटतात. फक्त चीक अंगाला लागू देऊ नका, जाम आग होते. डाळिंबाचं उलट आहे, त्याची फळं जुन्या पक्व काड्यांवरच्या आखूड फुटींना लागतात, सरसकट शेंडे उडवले की बहार गेलाच समजा. तिथे चांगली तीनचार खोडं ठेवायची आणि बुडातले बाकीचे फुटवे काढायचे. लिंबाला सगळ्यात कमी कात्री, वाळकं काढा आणि पाणसोट काढा, म्हणजे त्या सरळ वर सुटलेल्या मोठ्या पानांच्या काटेरी फांद्या. झाड कलमी असेल तर जोडाच्या खालून आलेली फूट दिसली की लगेच उडवा, ती रंगपूर किंवा जंबेरी या लिंबाच्या जातींच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाची असते आणि वाढू दिली तर वरचं लिंबू दबून जातं.

जाड फांदी कापली की बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावाच, नाहीतर जखमेतून बुरशी शिरते. 1 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही अर्ध्या अर्ध्या पाण्यात वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, बादली प्लास्टिकचीच हवी. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

खत म्हणून कुजलेलं शेणखत पुरे. पाणी मात्र बुंध्याशी ओतू नका, लिंबाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो तो बुंधा सतत ओला राहिल्यानेच जास्त. बुंध्याला मातीची भर द्या आणि पानांचा घेर संपतो तिथे गोल आळं करा, पाणी पिणारी बारीक मुळं त्याच भागात जास्त असतात, वरून पालापाचोळा पसरला की तण पण कमी येतं.