जीएलपी-२ आणि आतड्याचा रक्तप्रवाह: मोजायला बसण्याआधी

जेवणानंतर आतड्यातल्या एल-पेशींतून जीएलपी-२ हे हार्मोन सुटतं आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीतला प्रवाह वाढतो, हे वाचूनच तुम्ही आला असाल. डुकराच्या पिलांमध्ये रक्तवाहिन्या सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड तयार होणं रोखलं की हा परिणाम मावळतो, हेही. त्यावर शब्द घालवत नाही.

घोडं अडतं ते मोजताना. सोनोग्राफीतला डॉप्लर दाखवतो रक्ताचा वेग, आपल्याला हवा असतो प्रवाह. त्यासाठी वेगाला धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणायचं, आणि क्षेत्रफळ बदलतं व्यासाच्या वर्गानुसार. ६ मिलिमीटरची धमनी ७ ची धरलीत की ३६ च्या जागी ४९! हार्मोनचा थेंबही न देता प्रवाह ३६ टक्क्यांनी 'वाढला'. डॉप्लरचा झोत आणि रक्ताची दिशा यांच्यातल्या कोनाचं तेच. खरा कोन ६० अंश असताना ६५ लावला तर वेग १८ टक्क्यांनी फुगतो. ३० च्या जागी ३५ लावला तर जेमतेम ६ टक्क्यांवर निभावतं. माझा पहिला देखणा आलेख यातच कोसळला. त्याच आलेखावर गाईडनी शाबासकी दिली होती, ते अजून सलतं.

तेव्हा व्यास आणि कोन दोन्ही दर वेळी वहीत लिहा, नुसता प्रवाहाचा आकडा नको. वेग सरासरी घ्या, शिखराचा नाही. यंत्र वेगाची रेघ आपोआप आखतं, त्या ऑटो-ट्रेसवर माझा काडीचाही विश्वास नाही.

धमनी सापडतच नाही म्हणून हिरमुसू नका, आतड्यातला वायू सगळ्यांनाच छळतो. रोज पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या माणसाशेजारी बसा. मोठ्या नावाच्या मार्गदर्शकापेक्षा तो जास्त शिकवतो. उपाशीपोटी सिस्टोलचं (हृदय आकुंचन पावतानाचं) टोकदार शिखर दिसतं, मग रेघ शून्याखाली डोकावते आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैलावताना) प्रवाह अगदी कमी. जेवणानंतर तोच डायस्टोलचा भाग वर उचलला जातो. हा फरक एकदा नजरेत बसला की धीर येतो.

आणि पोटातलं प्रत्येक हार्मोन प्रवाह वाढवतंच असं धरून चालू नका. सोमॅटोस्टॅटिन तो घटवतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्यावर त्याच्यासारखंच काम करणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध देतात ते त्यासाठीच.

रक्ताचे नमुने घेणार असाल तर नळीत डीपीपी-४ (जीएलपी-२ कापणारं एन्झाइम) रोखणारं द्रव्य आधीच घाला. शरीरात जीएलपी-२ चं अर्धायुष्य साधारण ७ मिनिटांचं, आणि नळीतही ते एन्झाइम टोकाची दोन अमिनो आम्लं कापत राहतं.